हळद लावलेली दोरी

आमच्या कुरुंद्याच्या घरात पहाटेचा पहिला आवाज सूत कातायच्या टकळीचा असे. आबा, म्हणजे माझे वडील, स्नानसंध्या आटोपून ओसरीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात बसत, मांडीवर धुतलेला पंचा अंथरीत आणि काशाच्या वाटीत टोक टेकवून टकळीला बोटांची एक फिरकी देत. वाटीतून जो बारीक, अखंड घुमारा उठे तो स्वयंपाकघरात चुलीपर्यंत पोचे, आणि त्यावरून आईला कळे की आता दूध तापत ठेवायला हरकत नाही. जानव्याचे माप घेण्याची वेळ आली की मात्र घर चिडीचूप होई. चार बोटे जुळवायची, त्यांच्याभोवती सुताचे शहाण्णव वेढे घ्यायचे, ते सूत तिपदरी करून पीळ द्यायचा, पुन्हा तिपदरी करून उलटा पीळ द्यायचा आणि शेवटी ब्रह्मगाठ मारायची, असा तो क्रम; माप पुरे असले की जानवे बरोबर कमरेपर्यंत पोचे. वेढे मोजताना आबा बोलत नसत. मध्येच कोणाला 'हूं' म्हणावे लागले तरी ते माप मोडून टाकीत आणि पहिल्या वेढ्यापासून आरंभ करीत. श्रावणीला नवे जानवे घालायचे असे, म्हणून तिच्या आधी वसमत, औंढा, आखाडा बाळापूर इथून माणसे येत आणि आबांच्या हातची जानवी घेऊन जात.

या मापाचा मान जानव्यापुरताच नव्हता. गावात दोन भाऊ वाटण्या करायला बसले आणि बांधावरून वाद पेटला की मोजणीची दोरी आबांच्या हातात देण्याची रीत होती. भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नसत. पण आबांनी दोरी ताणून खुंटी रोवली की दोघेही मान हलवीत. "भटजीनं मोजलं नव्हं? मंग झालं," एवढ्यावर पिढ्यांचा तंटा मिटलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचे आहे ते याच हाताविषयी आहे. त्या हातावर माझी केवढी श्रद्धा होती हे वाचणाऱ्याला ठाऊक नसेल, तर माझे काय गेले तेही त्याला कळणार नाही.

पाठशाळेतली सात वर्षे पुरी करून मी घरी परतलो तो हिवाळ्यात. आमचा तालुका तेव्हा अजून परभणी जिल्ह्यातच होता. शब्दरूपे, धातुरूपे, संहितेचे काही अध्याय आणि रोजच्या पूजाविधींचे पाठ एवढी शिदोरी घेऊन मी आलो होतो, आणि आता आबांच्या मागे यजमानांकडे जायचे हे न बोलताही ठरल्यासारखे होते. त्याच माघात वसंतमामा आला. तो आईचा धाकटा भाऊ. अहमदाबादेला दोऱ्या विणणाऱ्या एका कारखान्यात तो काम करी, आणि तिथल्या संक्रांतीचा पतंगांचा हंगाम उरकला की पंधरा दिवस बहिणीकडे येई. दरवर्षी तो तिळाची चिक्की आणी. त्या वर्षी त्याने एक लांबट पिशवी आणली, आणि गावाच्या पश्चिमेच्या माळावर मला आणि माझ्या मित्राला, किसन राठोडला, घेऊन गेला. किसन जवळच्या तांड्यावरचा, माझ्याच वयाचा. त्याचे पूर्वज पाठीवर धान्य लादलेले बैल घेऊन देशभर हिंडलेले. त्याच्या वडिलांनी मात्र चार एकर कापूस धरून ठेवला होता.

मामाने पिशवीतून काढला तो पतंग आमच्या ओळखीचा नव्हता. कागदी नव्हे, कापडी. चौकोनी नव्हे, पसरलेल्या पंखांसारखा त्रिकोणी. आणि त्याला एक नव्हे, दोन दोऱ्या. एक दोरी उजव्या हातात, एक डाव्या. उजवी ओढली की तो उजवीकडे वळे, डावी ओढली की डावीकडे, आणि दोन्ही हात सारखे धरले की बाणासारखा सरळ वर जाई. मग मामाने त्याच्यामागे दुसरा, तिसरा, असे सहा पतंग आखूड दोऱ्यांनी एकामागे एक जोडले आणि ती सहांची माळ वाऱ्यावर सोडली. सहाही एकदम वळत, एकदम गिरकी घेत. पाठशाळेत आम्ही बारा विद्यार्थी एका स्वरात ऋचा म्हणत असू आणि एखाद्या क्षणी बारा कंठांचा एकच कंठ होई, तसे काहीतरी मला त्या निळ्या आभाळात दिसले. किसन मात्र कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "मामा, ह्यो पतंग न्हाई, बैलजोडी हाय. तुमी त कासरा धरून हाकून राहिले."

"बरोबर बोललास," मामा हसून म्हणाला. "कासराच आहे हा."

"आमच्या पणज्यानं शंभर बैल हाकले म्हंतेत. पर एकबी उडाला न्हाई."

त्या पंधरवड्यात मामाने मला उडवायला शिकवले ते थोडे. दोरी ओळखायला शिकवली ती फार. तो म्हणे, पतंग कोणीही शिवील, उडवणाराची परीक्षा दोरीत असते. मी उत्साहाच्या भरात एक मोठी चूक केली, जी बहुधा आमच्याच घरातला मुलगा करू शकला असता. जानव्याच्या रीतीने, तिपदरी आणि पुन्हा तिपदरी, मी सुताच्या दोन नऊपदरी दोऱ्या वळल्या, शुचिर्भूत होऊन, मौन पाळून, आणि त्या मामापुढे ठेवल्या. मामाने त्या दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावल्या. मग म्हणाला, "नारायणा, ही गळ्यात घालायला उत्तम आहे. पण पिळाची दोरी ताण बसला की आपला पीळ सोडू पाहते, गरगरते. शिवाय सूत खरबरीत. पतंगाने दोन गिरक्या घेतल्या की दोन्ही दोऱ्या एकमेकींवर चढतात. त्या एकमेकींवरून सरकल्या पाहिजेत. सूत सरकत नाही, मिठी मारतं. मग तू इकडे हात ओढ नाहीतर तिकडे, वर काही कळत नाही."

"मंग तंगूस लावा की," किसन म्हणाला. "मासे धरायचा. लई मजबूत असते."

"मजबूत आहे, पण रबरासारखा ताणतो. तू इथे हात मागे घेणार, आणि वर हुकूम पोचेस्तोवर पतंग जमिनीत शिरलेला."

"मांजा?"

यावर मामा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "अरे, मांजा दुसऱ्याचा पतंग कापायला. इथे दोन्ही दोऱ्या आपल्याच. डावी उजवीला कापील आणि मग बस रडत."

उरली ती वेणीची दोरी. मामाच्या कारखान्यात बारीक धाग्यांची, केसांच्या वेणीसारखी गुंफून विणलेली दोरी निघे. तिला पीळ नसतो म्हणून ती गरगरत नाही. अंग गुळगुळीत असते म्हणून सरकते. पण तिच्यातही जाडीचा विवेक हवा. एका पतंगाला बारीक दोरी पुरे. सहांच्या माळेची ओढ एकत्र होऊन हातावर येते, तेव्हा जाड लागते. आणि जाडच बरी म्हणून सरसकट जाड घेतली, तर तिचे स्वतःचे वजन आणि तिला अडणारा वारा यांनी ती पोटात झोल घेते, आणि सकाळच्या मंद वाऱ्यात माळ उठतच नाही. "लागेल तेवढीच, त्याहून एक धागा जास्त नाही," असे मामाचे सूत्र होते. पाठशाळेत आमचे गुरुजी सूत्रांविषयी हेच म्हणत, एकही अक्षर वाढवू नये. म्हणून मला ते फार आवडले. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे जोड. उजवी आणि डावी एकाच लडीतून कापलेली, एकाच वेळी ताणलेली आणि एकाच मापाची हवी. कोरी दोरी पहिला ताण बसला की वीतभर, कधी हातभरही वाढते. म्हणून आधी दोन्ही मिळून ताणून त्यांची सगळी वाढ काढून घ्यायची, आणि मगच माप घेऊन टोके शिवायची. ताणलेली एक आणि कोरी एक अशी जोड लावली, तर जमिनीवर दोन्ही सारख्या दिसतात. वर गेल्यावर कोरी वाढते आणि पतंग एकाच बाजूला फिरत राहतो.

मामा निघाला त्या दिवशी ओसरीवर आबांसमोर त्याने विषय काढला. त्यांच्या पतंगवाल्यांच्या मंडळीत एक जागा रिकामी होणार होती, आणि कारखान्यातही शिकाऊ हात हवा होता. "पुढच्या माघात मी येतो. नारायणाने स्वतः निवडलेल्या, स्वतः तयार केलेल्या दोरीवर सहांची माळ उडवून दाखवावी. साधली तर सोबत नेतो. आमच्यात रीत आहे, ज्याला दोरी निवडता येत नाही त्याच्या हाती पतंग देत नाहीत. भाचा म्हणून सूट मिळणार नाही." मी आबांकडे पाहिले. माझे सगळे आयुष्य त्या क्षणी त्यांच्या ओठांवर होते. आबांनी टकळी वाटीत आडवी ठेवली आणि म्हणाले, "विद्या कोणतीही असो, हातात पुरी आली पाहिजे. साधलं त खुशाल जा." मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. आजही लिहिताना त्या पायांचा थंडपणा कपाळाला जाणवतो.

ते वर्ष मी कसे काढले ते देवाला ठाऊक. सकाळी आबांबरोबर यजमानांकडे, दुपारी माळावर. आई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून देई, आणि किसन तांड्यावरून कधी हुरडा, कधी तिखटजाळ ठेचा आणी. मामाने ठेवून दिलेल्या एका पतंगावर मी वारा शिकलो. माघ जवळ आला तशा मामाने पाठवलेल्या दोन लड्या आल्या, एक बारीक आणि एक जाड, आणि निवड माझ्यावर सोडली. मी आठ दिवस विचार केला. आमच्याकडे माघात सकाळी वारा कोवळा असतो आणि उन्हे चढली की जोर धरतो. मामाची येण्याची बस दुपारची, म्हणजे परीक्षा दुपारी, म्हणून जाड. त्या लडीतून पंचवीस पंचवीस वावांचे, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या पंचवीस मापांचे, तीन तुकडे निघाले. दोन जोडीचे, तिसरा अडीनडीला म्हणून कोराच गुंडाळून ओसरीच्या खुंटीवर ठेवला. जोडीचे दोन तुकडे किसनने आणि मी लिंबाच्या झाडापासून विहिरीच्या खांबापर्यंत बांधले, मध्ये पाण्याच्या बादल्या टांगल्या आणि दोन दिवस तसेच ताणून ठेवले. ओळख पटावी म्हणून ताणलेल्या जोडीची टोके मी हळदीच्या पाण्यात बुडवली. आमच्या गावात त्या दिवसांत हळद शिजत असते; कढया रटरटत असतात, अंगणोअंगणी हळकुंडे पसरलेली असतात आणि साऱ्या गावाच्या श्वासाला तो मातकट, उग्र वास असतो. आईच्या हातात हळदीची वाटी होतीच; तिच्यातच मी टोके बुडवली.

शेवटचे माप उरले, तेव्हा आबा स्वतः म्हणाले, "जोडीचं माप मी घेतो. बराबर करून देतो." मला भरून आले. मारुतीच्या देवळाच्या दोन खांबांमध्ये दोरी ताणून त्यांनी माप घेतले. मौन पाळून, अगदी जानव्याचे घेत तसे. त्यांनीच टोके दुमडून शिवली. परीक्षेच्या दिवशी सकाळी दोन्ही दोऱ्या वेगवेगळ्या फळ्यांवर गुंडाळून त्यांनी माझ्या हाती दिल्या. दोन्हींच्या टोकांना हळद होती. आईने तळहातावर दही-साखर ठेवली. मी ती दोरी पुन्हा मोजली नाही. आबांच्या मापावर माप घेणे हे मला देवाच्या मूर्तीला ठोकून पाहण्यासारखे वाटले असते.

दुपारी मामा सहा पतंग घेऊन बसमधून उतरला तोवर माळावर अर्धे गाव जमले होते. हळदीच्या कढयांवरून उठून आलेल्या बाया पिवळ्या हातांनी डोळ्यांवर सावली धरून उभ्या होत्या. किसनने माळेचे शेवटचे टोक धरले, मी पंचवीस वावांवर उभा राहिलो, आणि वाऱ्याची एक चांगली लहर येताच दोन पावले मागे सरलो. सहाही उठले. काय उठले म्हणून सांगू! गर्दीतून 'अबबब' असा एकच आवाज निघाला. एक डावी गिरकी मी घेतली, ती साधली. तेवढ्यात वारा वाढला, हातांवर ओढ आली आणि माळ आपण होऊन उजवीकडे कलू लागली. मी डावा हात मागे घेतला. ती सावरली, पुन्हा कलली. मी डावा हात कानामागे नेला, तरी ती कललेलीच. मला वाटले, माझ्याच हातांना काही झाले. मग ती उजवीकडे गिरक्या घेऊ लागली, एक, दोन, तीन, आणि सहाही पतंग एकामागे एक काळ्या मातीत येऊन आदळले. कामट्या मोडल्याचे सहा आवाज मी मोजले. मोजायची सवयच होती घरात.

मामा पुढे आला. त्याने दोन्ही दोऱ्यांची पतंगाकडची टोके एका खुंटीला अडकवली, दुसरी दोन टोके हातात घेऊन ताण दिला आणि मला दाखवले. डावी दोरी उजवीपेक्षा वीत आणि चार बोटे जास्त होती. "एक ताणलेली आणि एक कोरी," तो हळू म्हणाला. "ही नजरचूक असती तर मी दुसरी संधी दिली असती, नारायणा. हा आळस आहे. आकाशात आळस चालत नाही." माझ्या मनात लख्ख चमकले की खुंटीवरची तिसरी, कोरी दोरी जोडीत आली होती. मी आबांकडे पाहिले. ते दोरीकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा मला एकाएकी फार म्हातारा वाटला. नजर गेली यांची, असे माझ्या मनात आले. देवळाच्या अंधुक उजेडात कोरी आणि ताणलेली यांतला फरक कळला नाही. आता सगळ्या गावासमोर त्या हाताची चूक निघणार, उद्या कोणी भाऊ यांच्या हातात मोजणीची दोरी देणार नाही. मी पुढे झालो आणि म्हणालो, "चूक माझी. घाईत मीच मापलं." आबांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले, आणि तरीही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मामा एकटा गेला.

मोडक्या कामट्या गोळा करताना किसन म्हणाला, "नाऱ्या, एक इचारू? कोरी दोरी त तू रंगवली नव्हती. मंग तिच्या टोकाले हळद काहून?"

"या दिवसांत गावात कशाला हळद नाही? शेळ्यासुद्धा पिवळ्या आहेत."

"शेळ्या अंग घासतेत. दोरी खुंटीवर व्हती. आन् हळद बराबर टोकालेच लागली, इकडं चार बोटं न् तिकडं चार बोटं?"

"तुला काय म्हणायचंय?"

"म्या काय म्हनू? म्या त बैल हाकनारा मानूस." तो हसण्यावारी नेऊ पाहत होता. मी हसलो नाही. माझ्या वडिलांविषयी असा विचार मनात आणणाऱ्याशी मला बोलायचे नाही, असे मी त्याला शुद्ध, पाठशाळेच्या भाषेत सांगितले आणि पाच महिने त्याच्याशी बोललो नाही. आता साठीच्या उंबरठ्यावर उभा राहून पाहतो तेव्हा वाटते, त्या पाच महिन्यांत मी जेवढा भक्त होतो तेवढा पुढे कधी झालो नाही.

कारण त्या पाच महिन्यांत मला आबांची दया येत होती, आणि दयेने माझी भक्ती दुप्पट झाली होती. नजर गेलेल्या बापाचा मान राखायचा, हे मी व्रत धरले. श्रावणी जवळ आली. आबा ओसरीवर जानवी करीत आणि करंडीत ठेवीत. ते नदीवर गेले की मी एकेक जानवे काढून माझ्या चार बोटांवर पदरांच्या हिशेबाने गुपचूप मोजीत असे, एखादे कमी भरले तर बदलून ठेवावे म्हणून. एकही कमी भरले नाही. तरी मी मोजीत राहिलो. आईलाही मी सांगून टाकले की आबांना आता नीट दिसत नाही, त्या दिवशी माप त्यामुळेच चुकले. ती भाकरी थापीत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा थापू लागला.

एका सकाळी आबा नदीवरून लवकर परतले. माझ्या बोटांवर सूत होते, ओठांवर आकडा होता. ते उंबऱ्यात उभे राहून पाहत राहिले.

"काय करून राहिलास?"

"काही नाही, आबा. सहज."

"माझ्या मापावर माप?" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तुझी आई म्हणून राहिली की तू म्हणतो, माझी नजर गेली. हात चुकला म्हणतो."

मी खाली पाहत म्हणालो, "वय झालं की होतं, आबा. मी कोणाला सांगणार नाही."

"कोण म्हणतं हात चुकला?" आबा ओसरीवर येऊन बसले. त्यांनी करंडी माझ्यापुढून ओढून घेतली. "पन्नास वर्षांत हा हात चुकला नाही. त्या दिवशीबी चुकला नाही. कोरी दोरी मी जाणून लावली. टोकं मीच हळदीत बुडवली. माप चुकलं नव्हतं. वीत आणि चार बोटं वाढणार, हे मला ठाऊक होतं."

अंगणात चिमण्या वाळवणातली ज्वारी टिपत होत्या. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. मी एवढेच विचारले, "मग 'जाऊ नको' का नाही म्हणालात? मी थांबलो असतो."

"थांबला असतास. पण माझ्यावर राग धरून थांबला असतास." त्यांनी चार बोटे जुळवली आणि सुताचे टोक अंगठ्याखाली धरले. "मला वाटलं, तुझा राग वाऱ्यावर निघेल."

एवढे बोलून त्यांनी वेढे मोजायला सुरुवात केली, आणि वेढे मोजताना आबा बोलत नसत.

मला फसवले याचे दुःख मोठे होतेच. पण त्याहून खोल जे रुतले ते असे की त्यांनी सत्य सांगितले ते माझ्यासाठी नव्हे. माझे आयुष्य वळवल्याचा भार त्यांना पाच महिने पेलला होता. हात चुकला असे कोणी म्हटलेले मात्र एक सकाळही पेलले नाही. आणि माळावर, सगळ्या गावासमोर, मी त्यांचा दोष माझ्या शिरावर घेत होतो तेव्हा मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिले होते, ते काय पाहिले होते? हळदीची वाटी त्यांना कोणी दिली, हे मी आईला कधी विचारले नाही. तिचा भाकरीवर थांबलेला हात मला पुरे होता.

मामाला मी पत्र लिहिले आणि फाडले. खरे लिहायचे तर आबांचे नाव घ्यावे लागणार, आणि ते नाव एकदा निघाले की गावातल्या प्रत्येक बांधाची खुंटी हलणार. माझे जाणे एका बाजूला आणि तेवढ्या माणसांचा विश्वास दुसऱ्या बाजूला. मी राहिलो. आबांना हवे होते तसेच झाले. जो राग त्यांना टाळायचा होता तेवढा मात्र टळला नाही. तांड्यावर जाऊन मी किसनची क्षमा मागितली. तो गोठ्यात शेण काढीत होता.

"मले त्याच दिशी समजलं व्हतं," तो म्हणाला.

"मग ओरडून का नाही सांगितलंस?"

"तुहा बाप हाय. माहा असता त म्याबी ऐकलं नसतं." मग फावडे टेकवून म्हणाला, "चाल, च्या घे. पाच महिन्याचा साचून हाय."

पुढे आमचा जिल्हा वेगळा झाला, रस्ता रुंद झाला, मामा निवृत्त होऊन वसमतला आला आणि वारला. मी आबांच्या मागे यजमानांकडे जात राहिलो, सूत कातायला शिकलो, आणि लोक माझ्याही मापाला मान देऊ लागले. आबांशी मी एक कठोर शब्द कधी बोललो नाही. त्यांची सेवा केली, पाय चेपले. पण त्यांनी दिलेली कोणतीही वस्तू, मग ती ओवाळणीची सुपारी का असेना, मी आतून मोजून घेत असे. हे त्यांना कळत होते असे मला वाटते.

आणि मग त्यांची नजर खरोखरच गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आणि त्यांनी शस्त्रक्रियेसाठी डोळ्यांना हात लावू दिला नाही. तरी पहाटे टकळी घुमे. एका श्रावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी एक जानवे वळून पुरे केले, ब्रह्मगाठ चाचपली आणि ते माझ्या दिशेने धरले. मी होतो त्याच्या किंचित उजवीकडे धरले.

"नारायणा, बघ बरं. बराबर आहे का?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला त्यांच्या मापावर माप घ्यायला सांगितले होते. मी ते चार बोटांवर घेतले. जुनी सवय, ओठ न हलवता मोजले. पदरांच्या हिशेबाने नव्वद वेढेच भरले. मी पुन्हा मोजले. नव्वदच. आबा डोके एका बाजूला कलवून ऐकत होते, जणू माझ्या बोटांचा आवाज त्यांना येत होता.

"बराबर आहे, आबा," मी म्हणालो. "शहाण्णव. केसाचा फरक नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले, आणि त्यांनी पुन्हा टकळीकडे हात नेला. मी ते दयेने म्हणालो, की इतकी वर्षे जपून ठेवलेले त्यांचेच खोटे माप त्यांना परत केले, हे मी अनेकदा देवापुढे बसून स्वतःला विचारले आहे. उत्तर आलेले नाही. ते जानवे कोणत्याही यजमानाला देता येण्यासारखे नव्हते. दुसऱ्या दिवशी विधिपूर्वक मी ते माझ्याच गळ्यात घातले. वर्षभर ते कमरेपर्यंत पोचले नाही.